तलवारीने कापलेला केक आणि घरातला कोयता

नीरेकाठ

हा धागा काढायला चार दिवस लागले. घरातली गोष्ट बाहेर सांगावी की नाही, हेच ठरत नव्हतं.

माझा भाचा १७ वर्षांचा आहे, बारावीत. हडपसरला राहतो, मी दोन गल्ल्या पलीकडे. गेल्या महिन्यात मित्राच्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता पोरांनी चौकात दुचाकीच्या सीटवर पाच केक मांडले आणि तलवारीने कापले. एकेकाने तलवार वर धरून फोटो काढले, रील टाकलं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी सगळ्यांना आईबापासकट बोलावून घेतलं. अठराच्या आतल्यांना समज देऊन सोडलं. ज्याचा वाढदिवस होता तो १९ चा, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

ताई दोन दिवस जेवली नाही. मी त्याला गच्चीवर नेलं आणि ओरडायच्या ऐवजी विचारलं, "तलवार हातात आली तेव्हा काय वाटलं रे?" वाटलं होतं की मान खाली घालेल. तो म्हणाला, "मामा, पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आमच्या घरी शस्त्रं नव्हती असं नाही. खंडेनवमीला आजोबा विळा, खुरपं, कुऱ्हाड, पहार, कोयता सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचे. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. त्या दिवशी कोयत्याला कामाला लावायचं नाही. एरवीही एक नियम होता: कोयता दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे, पातं आपल्याकडे. चुकून उलटा धरला तर आजोबा काही न बोलता हातातून काढून घ्यायचे आणि परत द्यायला लावायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, पण ते अजून हातात बसलेलं आहे.

माझा भाचा त्याच घरातला. मग मधे काय झालं? पंधरा ते बावीस वयातल्या पोरांना पातं हातात घ्यावंसं का वाटतं? 'संस्कार कमी पडले' एवढ्या उत्तराने माझं समाधान होत नाही. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी लिहा.

सायली_शिकवते

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रयोगांपासून सुरुवात करते.

१९६७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात बर्कोविट्झ आणि लपाज यांनी १०० मुलग्यांवर एक प्रयोग केला. आधी जोडीदाराकडून विजेचे सौम्य झटके देववून काहींना चिडवलं, काहींना नाही. मग त्यांची पाळी आली. काहींच्या समोरच्या टेबलावर काहीच नव्हतं, काहींसमोर बॅडमिंटनच्या रॅकेट, काहींसमोर बंदूक आणि रिव्हॉल्व्हर. चिडलेल्या मुलांनी बंदूक समोर असताना जास्त झटके दिले. बंदुकीला कुणी हात लावला नव्हता, ती नुसती समोर पडून होती.

प्रामाणिकपणे सांगायला हवं की पुढे काहींना हा निकाल पुन्हा मिळाला, काहींना नाही. शस्त्र दिसलं की डोक्यात भांडखोर विचार लवकर येतात, याला पुरावा बरा आहे. त्यातून हात उचलला जातोच, याला तेवढा नाही.

२००६ मध्ये इलिनॉयच्या नॉक्स कॉलेजात ३० मुलांपैकी काहींना पंधरा मिनिटं खऱ्यासारखं पिस्तूल हाताळायला दिलं, बाकीच्यांना लहान मुलांचा एक खेळ. पिस्तूलवाल्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन वाढलं. नंतर दुसऱ्या कुणाला प्यायच्या पाण्यात तिखट सॉस घालायला सांगितलं, तर त्यांनी जास्त घातला. ३० मुलं म्हणजे नमुना फारच लहान, त्यामुळे यावर इमला बांधू नये.

पण भाच्याच्या वाक्याला सगळ्यात जवळचा प्रयोग शस्त्रांचा नाहीच. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी तीन वयोगटांना गाडी चालवायचा संगणकी खेळ दिला. सिग्नल कधीही लाल होणार, जितकं पुढे जाल तितके गुण. एकटे असताना वयाचा फार फरक नव्हता. मित्र शेजारी बघत बसले, की १३ ते १६ च्या मुलांनी खूप जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांवर मित्र असण्या-नसण्याचा परिणाम झाला नाही.

तुमचा भाचा एकटा खोलीत असता तर तलवार बहुधा दोन मिनिटांत कोपऱ्यात ठेवली असती.

सरळमार्गी

सायलीताई, ही सगळी अमेरिकेतली मुलं. आपल्याकडचं कारण साधं आहे, धाक उरला नाही. वय कमी म्हणून समज देऊन सोडतात हे पोरांना पाठ आहे. मोठे गुन्हेगार म्हणूनच लहान पोरं पुढे करतात. माझ्या भावाच्या टेम्पोच्या काचा दोनदा फुटल्या, कारण गल्लीतल्या पोरांना 'दहशत बसवायची' होती. त्याचं कुणाशी भांडण नव्हतं. टेम्पोचे हप्ते चालू आहेत. मुलांच्या मनाचा विचार करा, पण या माणसाचाही करा.

पेठेतला_वस्ताद

कोल्हापुरातनं लिहितोय. मर्दानी खेळ शिकवून पंचवीस वर्षं झाली.

पोरगं तालमीत आलं की पहिला प्रश्न, "वस्ताद, तलवार कधी देणार?" मी काठी देतो. सहा महिने नुसती काठी. त्यातली निम्मी पोरं दीड महिन्यात गळतात, कारण काठी धरून रील काढता येत नाही. जी राहतात ती पुढं फरी-गदगा म्हणजे ढाल-काठी, बोथाटी म्हणजे बोथट टोकाचा भाला, मग पट्टा अशी चढत जातात.

दांडपट्टा कुणी हातात घेतलाय का? मूठ लोखंडी खोबणीत, कोपरापर्यंत हात आत. मनगट वळत नाही, सगळं खांद्यातनं आणि पायातनं आणायला लागतं. पातं लवचिक. लक्ष जरा हललं की पहिला वार स्वतःच्या पायावर. आमच्यात रागाला आलेल्या पोराला पट्टा देत नाहीत, त्या दिवशी त्यानं आखाडा झाडायचा. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाला, तेव्हा चौकशीला लय पोरं आली. त्यातली तीन अजून टिकून आहेत. दोन पोरी आणि एक पोरगा.

बंदुकीचंही तेच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य आणलं. तेजस्विनी सावंत २०१० ला जगज्जेती झाली. कोल्हापुरात रायफल म्हटली की आमच्या पोरांना ही नावं आठवतात. तिथं नळी कायम निशाण्याकडं, गोळी नसली तरी माणसाकडं वळवायची नाही. श्वास सांभाळायचा. राग आला की गोळी गेली बाहेर.

तुमच्या आजोबांनी मूठ पुढं करायला शिकवलं ना, तीच तालीम. पोराच्या हातात पातं आलं, पण शेजारी उभा राहणारा माणूस आला नाही. शेजारी मोबाइल उभा होता.

अर्धा_कोयता

नीरेकाठ, तुमच्या धाग्याचं नाव वाचून आत आलो. मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगारांचा मुलगा.

आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. "यंदा किती कोयते नेले?" म्हणजे किती जोड्या नेल्या. जोडीदार नसलेला एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दिवाळी झाली की गाव रिकामं, फडावर पाचटाची खोपटी. पहाटे अंधारात तोडायला लागायचं. बाप बुडातून ऊस तोडायचा, आई पाचट काढून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरायची. आईच्या तळहाताला मुठीच्या आकाराचा घट्टा आहे. मी त्या हाताचं जेवून शिकलो.

पुण्याला कॉलेजला आलो ते २०२२ साल. तेव्हापासून पेपरात रोज 'कोयता गँग'. वसतिगृहात माझं गाव कळल्यावर एक जण म्हणाला, "मग तुझ्या बॅगेत पण असेल की." सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री झोप आली नाही. माझ्या आईबापाला मोजायचा जो शब्द आहे, तो या शहरात भीतीचा शब्द झाला.

आणि गावाकडे सगळं चांगलं असंही मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यात कमरेला पिस्तूल दिसणं हे मोठेपणाचं लक्षण झालं होतं. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार आणि त्याचे व्हिडिओ. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर परवाने तपासले गेले, बरेच रद्द झाले. पण जी पोरं दहा वर्षं ते बघत मोठी झाली, त्यांच्या डोक्यातलं कोण तपासणार? माझ्या वर्गातल्या मुलाला डॉक्टर व्हायचं नव्हतं, फौजदार व्हायचं नव्हतं. त्याला 'परवाना असलेला माणूस' व्हायचं होतं.

काळाकोट

कायद्याचं थोडक्यात, कारण पालकांना हे माहीत नसतं.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू 'शस्त्र' या व्याख्येत धरलेल्या नाहीत. म्हणून शेतात चाललेल्या माणसाच्या हातातला कोयता हा गुन्हा नाही. पण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर वगैरे शस्त्रवर्गात येतात. पोरं म्हणतात ते 'चार पंचवीस' म्हणजे याच कायद्याची कलमं ४ आणि २५. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असतो, तो मोडला की कलम १३५. रात्री बारा वाजता चौकात कोयता घेऊन उभं राहिल्यावर 'हे शेतीचं अवजार आहे' हा बचाव फार पुढे जात नाही. आनंदाच्या भरात बंदूक उडवणं हाही २०१९ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

सरळमार्गी, अल्पवयीन म्हणजे सुटका असं सरसकट नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर प्राथमिक चाचपणी करून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवता येतो.

दोघांची_आई

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणी बोललं नाही.

आपल्याकडे सत्काराला काय देतात? शाल, श्रीफळ आणि तलवार. नेता मंचावर म्यानातून तलवार काढतो, उंच धरतो, खाली शिट्ट्या वाजतात, फोटो छापून येतो. तोच फोटो दुसऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. माझा धाकटा सहा वर्षांचा असताना फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, हा राजा आहे का?" चौकातल्या पोरांनी तलवार कुठून उचलली, याचं उत्तर मला त्या फ्लेक्सवर दिसतं. त्यांच्याकडे मंच नाही, म्हणून दुचाकीची सीट.

दुसरं. २७ जून २०२३, सदाशिव पेठ. नकार दिला म्हणून एक मुलगा भर दिवसा रस्त्यात कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. अनेकांनी बघितलं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मधे पडला, रिकाम्या हातांनी. त्याने तो वार अडवला म्हणून ती वाचली. दोघेही मुलगे साधारण एकाच वयाचे, एकाच शहरात राहणारे. मी माझ्या मोठ्याला तो व्हिडिओ मुद्दाम दाखवला आणि विचारलं, यातला बळकट कोण? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला नसतं जमलं." मला त्याचं हे उत्तर फार आवडलं. खोटं बोलला नाही.

मुलाला नकार पचवायला आपण कधी शिकवतो? मुलीला 'जपून राहा' रोज सांगतो.

आधीचाच_मी

नवीन खातं काढून लिहितोय. वय २२. पुण्याजवळच्याच एका वस्तीत वाढलो.

सोळाव्या वर्षी मी आठ महिने कोयता बाळगला होता. गँगमध्ये नव्हतो. कुणाला मारलं नाही. का ठेवला ते सांगतो.

दहावीच्या सुट्टीत मला तिघांनी धरून मारलं. कारण 'खुन्नस देतो'. म्हणजे मी बघितलं. खरं तर मी त्यांच्या मागच्या बसकडे बघत होतो. घरी सांगितलं की सायकलवरून पडलो. वडिलांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तू काय बांगड्या भरल्या होत्या का? हे ते नेहमी म्हणायचे, टीव्हीवरच्या माणसांना पण.

बाजारातून घेतला, तीनशे रुपयांच्या आसपास. शर्टाच्या आत पाठीला लावून ठेवायचो. पातं थंड लागायचं. बाकावर मागे टेकता यायचं नाही. सगळ्यांना वाटतं की हत्यार असलं की पोरगं बिनधास्त होतं. मी जास्त घाबरलो. आधी ज्या गल्लीने जाणं टाळायचो त्याच गल्लीने जायला लागलो, कारण आता टाळायला कारण नव्हतं. आधी कुणी बघितलं तर मान खाली घालायचो, आता घालता येईना. रोज घरी परत आल्यावर हात थरथरायचे. आज वापरायला लागला नाही, याचंच.

सोडला कसा ते सांगतो. बहीण तेव्हा अकरा वर्षांची. कंपास शोधायला तिने माझी बॅग उघडली. ओरडली नाही, आईला सांगितलं नाही. त्या रात्री तिने स्वतःची उशी उचलली आणि आजीच्या खोलीत झोपायला गेली. आम्ही लहानपणापासून एका खोलीत झोपायचो.

मी चार दिवसांनी तो कालव्यात टाकला.

भाच्याला रागावू नका असं नाही म्हणत. पण त्याला कुणाची भीती वाटते ते विचारा. 'भीती वाटते का' असं विचारलं तर नाहीच म्हणेल. कोणत्या रस्त्याने जात नाहीस, असं विचारा.

सायली_शिकवते

आधीचाच_मी, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी हे माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवू का? नकार दिलात तरी चालेल.

खुन्नसवरून आठवलं. मिशिगन विद्यापीठात डोव कोहेन, निस्बेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग छापला. अरुंद बोळातून जाणाऱ्या मुलाला एक जण धक्का देतो आणि शिवी हासडतो. उत्तरेकडच्या मुलांनी बहुतेक ते हसण्यावारी नेलं. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या मुलांच्या शरीरात ताणाचं संप्रेरक वाढलं, टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि बघणाऱ्यांच्या नजरेत आपली किंमत कमी झाली असं त्यांना जास्त वाटलं. अभ्यासकांनी त्याचा संबंध पशुपालनाच्या जुन्या जीवनाशी जोडला. कळप एका रात्रीत चोरीला जाऊ शकतो, पोलीस लांब, म्हणून 'याच्या वाट्याला जाऊ नये' ही ख्याती हेच कुंपण. कळप गेले, पण मुलांच्या मनातलं कुंपण तसंच राहिलं.

आपल्या वस्त्यांना हे जसंच्या तसं लावू नये. पण जिथे मुलाकडे पैसा नाही, गुण नाहीत, स्वतःची खोली नाही, तिथे 'नाव' हीच मालमत्ता उरते. आणि कुणी फक्त बघितलं तरी ती चोरीला गेल्यासारखी वाटते. 'बांगड्या भरल्या का' हे वाक्य मीसुद्धा माझ्या घरी ऐकलंय. ते आपण घराघरात बंद केलं पाहिजे.

आधीचाच_मी

वाचून दाखवा.

क्लाइडकाठ

मी नर्स आहे, पंधरा वर्षं ग्लासगोत. इथे चाकूने चिरलेले चेहरे मी खूप पाहिले. ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत.

२००५ मध्ये इथल्या पोलिसांनीच हिंसा कमी करायचा वेगळा विभाग काढला आणि तिच्याकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. कुणाकडून कुणाला लागण होते, कुठे तोडता येईल. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना कोर्टाच्या दालनात बोलावलं, शिक्षेसाठी नाही. पोलिसांनी सांगितलं, तुम्ही कोण ते आम्हाला माहीत आहे, पुढे कराल तर सगळ्या टोळीला धरू. डॉक्टरांनी जखमांबद्दल सांगितलं. मग एक आई उभी राहिली, मुलावर काय झालं ते सांगितलं. शेवटी एक फोन नंबर दिला: यातून बाहेर यायचं असेल तर काम, शिक्षण, समुपदेशन. त्याच साली इथल्या शल्यविशारदांनी शाळांत जाऊन बोलायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे. दहाएक वर्षांत स्कॉटलंडमधले खून निम्म्याच्या आसपास आले. सगळं श्रेय याच कामाला द्यावं का, यावर इथेही वाद आहेत.

सरळमार्गी, धाक त्यात होता. पण त्याच दालनात तो फोन नंबरही होता.

सरळमार्गी

हे मान्य. मला धाक हवाय, पोरं संपवायची नाहीत. माझ्या भावाच्या काचा फोडणाऱ्यांपैकी एक आता आमच्याच गल्लीत भाजीचा गाडा लावतो. भाऊ त्याच्याकडून भाजी घेतो. मी अजून घेत नाही. पण काच फुटल्यावर भावाला एकदाही कुणी विचारायला आलं नाही, हेही लिहून ठेवा.

पेठेतला_वस्ताद

सरळमार्गी, बरोबर आहे तुमचं. आमच्याकडं एक पोरगं असंच राडा करून आलं होतं. मी त्याला पहिल्यांदा ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात नेलं. माफी मागायला पाय लय जड होतात, तलवार उचलण्यापेक्षा.

नीरेकाठ, हडपसरकडं माझ्या ओळखीचा एक शिष्य शिकवतो. हवं असेल तर व्यक्तिगत निरोप टाका. पण आधीच सांगतो, सहा महिने काठी.

नीरेकाठ

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण मधे गावी जाऊन आलो, भाच्याला घेऊन.

आधीचाच_मी, तुम्ही सांगितला तोच प्रश्न विचारला. कोणत्या रस्त्याने जात नाहीस? तो म्हणाला, "शाळेच्या मागच्या." मग अर्धा तास बोलत होता. नववीपासूनचं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने दूध आणायला जातो.

गावी आजोबांचा कोयता अजून पडवीत आहे. मूठ बदललीय, पातं तेच. त्याच्याकडे दिला. त्याने पात्याकडून धरला. मी काढून घेतला आणि परत द्यायला लावला, काही बोललो नाही. तिसऱ्यांदा जमलं. मग बांधावरची बाभूळ छाटली दोघांनी, त्याच्या हाताला फोड आले. फोटो काढला नाही. काढावासा वाटला असणार, पण नाही काढला.

वस्ताद, निरोप टाकलाय.

अर्धा_कोयता, तुमचा प्रतिसाद ताईने दोनदा वाचला आणि तुमच्या आईला नमस्कार सांगितलाय.

आधीचाच_मी, तुमचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने मोबाइल घेऊन पुन्हा स्वतः वाचला. एकच विचारलं, आणि तेच तुम्हाला विचारायला सांगितलंय. बहीण परत खोलीत आली का?

आधीचाच_मी

आली. दीड वर्षाने.